आज्ञार्थ, एकवचन

बसा ना, बसा — नाही हो, त्या कुत्र्याची काळजी करू नका, 'बसा' म्हटलेलं त्याला लागू होत नाही. बघा, ढिम्म हलला नाही. त्याला फक्त आज्ञार्थ एकवचन कळतं. बसा, बसू, बसलो, बसणार — सगळं कानावरून जातं, एकवचनी आज्ञा झाली की मात्र असेल तिथे टेकतो. माझ्या हाताखाली व्याकरण पक्कं झालेला हा एकच विद्यार्थी. मॉनिटर. पोरांनीच ठेवलं नाव, वर्गात सगळ्यात शहाणा हाच म्हणून — माझ्यासमोर असं सांगायचे, मागे काय म्हणायचे ते मी कधी विचारलं नाही. तुम्ही फक्त एक करा, तो शब्द इथे मोठ्यानं म्हणू नका. कुठला म्हणजे? अहो, ज्याची वाट बघत थांबलाय तो! हां, गाडी म्हणा, गाडी. या थांब्यावर आता सगळे गाडीच म्हणतात.

इकडचे नाही वाटत तुम्ही. इस्त्रीवरून म्हटलं. इथे इस्त्रीची पॅन्ट घालून कोण येतं — एक जमीन बघायला येणारा, नाहीतर पोरासाठी शाळा शोधणारा बाप. जमीनवाले बुटाकडे बघत चालतात, तुम्ही घड्याळाकडे बघताय, म्हणजे बाप. हो ना? — बरं, नका सांगू. पण शाळा हवी असेल तर ते समोरचं झाड दिसतंय ना, ती माझी शाळा. हसताय काय! झाडाखालचे गुरुजी म्हणतात मला सगळीकडे. छप्पर नाही, फळा नाही, घंटा नाही. भिंतीला कान असतात म्हणतात ना — आमच्याकडे भिंतच नव्हती, त्यामुळे कान कुणालाच नव्हते, पोरं ऐकायचीच नाहीत. पण ते मुक्त शिक्षण हो! गणित म्हणजे शेळ्या मोजायच्या. आता शेळ्या एका जागी उभ्या राहत नाहीत हा काय माझा दोष? एका पोरीनं एकाच कळपाची तीन उत्तरं आणली, मी तिन्ही बरोबर दिली, कारण शेळ्या खरंच हलल्या होत्या. भूगोल म्हणाल तर वारूळ म्हणजे पर्वत, हा ओढा म्हणजे महानदी, आणि बांधापलीकडचं शेत म्हणजे परदेश — तिकडे पाय टाकला की मालक ढेकूळ फेकून मारायचा, म्हणजे सरहद्द कशाला म्हणतात तेही आपोआप समजलं. विज्ञान मुंग्या शिकवायच्या, चड्डीत शिरून. मी खुर्चीत. डोळे मिटून, हो — झोपत नव्हतो, निसर्गाला बोलू देत होतो. लोक म्हणायचे, गुरुजी उंटावरून शेळ्या हाकतात. उंट कुठला आणू मी? साधी वेताची खुर्ची होती, तिचा पण एक पाय आखूड.

आणि आमचं मुख्य तत्त्व म्हणजे कौतुक नाही. कुणाचंच नाही. त्या झाडाच्या पाठीवर कुणी कधी थाप मारलीय? तरी वाढलंच ना? कौतुकानं मूल सुस्तावतं — मी सांगतो तुम्हाला, मी या तोंडानं आयुष्यात कुणाला तो शब्द म्हटलेला नाही. कुठला म्हणजे, पाठ थोपटतानाचा तो. हा दुसरा शब्द. हाही मी मोठ्यानं म्हणत नाही, पण त्याचं कारण वेगळं आहे, ते सांगतो नंतर. आमची ही म्हणते, तुमच्या तोंडाला आता इतक्या शब्दांची बंदी आहे की तुम्ही नुसतं खोकत जा. बायकांचं काय, नवऱ्याच्या तत्त्वावर फोडणी टाकल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही.

चांगला जम बसला होता हो. — बघा, 'बसला' म्हणालो, हलला का? भूतकाळ आहे. तर जम होता. मग गावाबाहेर ती मोठी शाळा झाली. पंखे, बाकं, गणवेश, आणि पोरांना या थांब्यावरून उचलायला ही पिवळी — गाडी. झालं! एकेक पोर गळायला लागलं. शेळीवाल्याची ती तीन उत्तरांची पोरगी सुद्धा गेली, जाताना म्हणाली, गुरुजी, तिकडे शेळ्या चित्रातल्या असतात, हलत नाहीत. आता बोला! आणि काय शिकवतात तिथे? भिंतीवर झाड रंगवलंय म्हणे, हिरवंगार, आणि आठवड्यातून एकदा त्या भिंतीसमोर उभं करून 'निसर्गाचा तास' घेतात. खरं झाड इथे उभंय, माश्या मारत. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण माझ्याकडे अंगणाशिवाय दुसरं होतं काय?

गाडीला उशीर होतो? कोण म्हणालं तुम्हाला? — होतो, होतो, खोटं कशाला बोलू. त्याला ती चालवणारी बाई जबाबदार, दुसरं काय. हट्टी बाई आहे. मोठ्या गाडीचं लायसन काढलं, कुणाला विचारलं नाही, सवरलं नाही. वळणावर हॉर्न देते तो दोनदा, एकदा दिला तर भागतं की नाही? पण नाही, पहिल्यापासून तिचं सगळं दोनदा, दारावरची कडी सुद्धा दोनदा वाजवायची — आँ? मला कसं माहीत? गाव लहान आहे हो, कड्या ऐकू येतात.

आता त्या उशिराचं तुम्हाला सांगतो, पण तुमच्यापाशीच ठेवा. हा मॉनिटर पिल्लू होता तेव्हा तिनंच त्याला ओढ्याकाठून ओढणीत गुंडाळून घरी आणला — तिनं म्हणजे त्या बाईनं — बरं, माझ्या मुलीनं. माझीच मुलगी आहे ती. बघताय काय असे? नाक बघा तिचं, येईलच आता, पटेल तुम्हाला. तर आणला, आणि मी म्हटलं, आणलाच आहेस तर शिकू दे, आणि पहिल्याच सकाळी तो शब्द शिकवला. म्हटलं की टेकायचं. टेकला! पण उठवायचं कसं, ते माझ्या पद्धतीतच नव्हतं. खाली टेकलेल्या विद्यार्थ्याला उठवायची गरजच काय? हा उन्हात तसाच. ऊठ म्हटलं, चल म्हटलं, शेपूट ओढलं, दुपार झाली, जीभ लोंबायला लागली बिचाऱ्याची, पण उठेल तर शपथ. मग मुलगी आली, समोर उकिडवी झाली, त्याचा कान खाजवला आणि म्हणाली तो दुसरा शब्द — पाठ थोपटतानाचा. उठला की पठ्ठ्या! तेव्हापासून त्याच्या शब्दकोशात दोनच शब्द — एकावर खाली, दुसऱ्यावर वर. खाली बसवायचं काम माझं आणि उठवायचं तिचं. नीट चाललं होतं आमचं.

मग तिनं ती नोकरी धरली. माझी पोरं पळवणाऱ्या शाळेची गाडी, आणि चाकावर माझी मुलगी! आपलेच दात, आपलेच ओठ. पहिल्या दिवशी एवढं धूड घेऊन दारात आली, खाली उतरली, हसत उभी. बघा म्हणाली. मी बघितलं. म्हटलं, डावा आरसा वाकडा आहे. — अहो वाकडा होताच! खोटं कशाला बोलू? ती म्हणाली, एवढंच? मग मी पण चढलो, म्हटलं, त्या गाडीवर बसायचं असेल तर या घरात बसायचं नाही. यमक जुळलं म्हणून बोलून गेलो खरं तर. ती म्हणाली, बरं. कपडे भरले आणि शाळेजवळ खोली घेऊन राहिली. माझ्यावरच गेलीय, एकदा बरं म्हटलं की संपलं. सणवार नाही, फोन आईला, माझी चौकशी कुत्र्याच्या नावानं — मॉनिटर जेवतो का नीट, मॉनिटरचा खोकला गेला का. मॉनिटरला कधी खोकला नव्हता. मला होता.

आता लक्षात आलं का तुमच्या? वळणावर तिचा हॉर्न वाजतो, दोनदा. हा धावतो तिला भेटायला, रस्त्यावरूनच. आणि तेवढ्यात थांब्यावरची पोरं नाचायला लागतात, आली आली म्हणून — काय आली? तो शब्द आली! झालं. हा भर रस्त्यात, जिथे असेल तिथे टेकतो. आज्ञा म्हणजे आज्ञा. गाडी थांबते. मग तिला उतरावं लागतं, चालत यायचं, समोर उकिडवं व्हायचं, कान खाजवायचा आणि म्हणायचं. तोवर मी इथे बाकावर. ती त्याच्याशी बोलते, मी ऐकतो. बारीक झालाय रे, म्हणते. पायमोजे का नाही घातले थंडीत, म्हणते. कुत्रा कुठे पायमोजे घालतो? मग जाते.

शाळेनं हुशारी केली. फतवा काढला — पोरांनी तो शब्द उच्चारायचा नाही, 'गाडी' म्हणायचं. एवढ्या मोठ्या शाळेनं एका कुत्र्याला घाबरून भाषा बदलली! आता पोरं त्या मोरीच्या कठड्यावर बघा कशी गप उभी आहेत, तोंडात बोळा घातल्यासारखी. — मग आता कोण ओरडतं? बरोबर आहे तुमचा प्रश्न. हुशार आहात. आता... आता असं आहे, की वय झालं की माणूस स्वतःशी बोलतो. गाडी दिसते, तोंडातून निघतो एखादा शब्द. जरा मोठ्यानं निघतो. रोज निघतो, हो. काय करू! ही म्हणते, पोरीशी बोलायचं असेल तर सरळ जाऊन बोला की, कुत्र्याला मध्ये काय बसवता. मी म्हटलं, मी कुठे बसवतो, तोच बसतो. चोराच्या मनात चांदणं म्हणा हवं तर.

पण आज नाही. आज मी ठरवून आलोय. परवा बायकोकडे पोरीचा निरोप आला — आणखी एक दिवस उशीर झाला तर गाडी तिच्याकडून काढून घेणार. वरून कुणी साहेब स्वतः बघायला येणार आहेत म्हणे, खरं कारण काय ते. येऊ दे. असेल कुणी भिंतीतला, त्याला कुत्रा कुठल्या बाजूनं भुंकतो ते माहीत नसेल. त्याला काय दिसणार? मी तोंडच उघडणार नाही. — घरी बांधून का नाही ठेवला? माझ्या शाळेत दोरी नाही, तत्त्व आहे. आणि मी घरी का नाही थांबलो, असंच ना? अहो, मग तिला बघणार कशी? उतरणार नाही ती आज, मला माहीत आहे. नुसती गाडी जाताना बघायची. खिडकीतलं नाक तेवढं दिसतं.

काय म्हणालात? — परत सांगा. शाळेतून? गाड्यांचं तुम्हीच बघता? अहो, मग आधी नाही का सांगायचं! अर्धी सकाळ माझ्याकडून शेळ्या मोजून घेतल्यात! नाही, नाही, ऐका, ते सगळं मी आपलं गमतीनं. कुत्र्याचा आणि माझा काही संबंध नाही. गावातला मोकाट आहे — ए, हो बाजूला, पायावर डोकं काय ठेवतोस, ओळखत नाही मी तुला. जा, जा तिकडे!

बरं, माझाच आहे. माझा कुत्रा, माझं तोंड, उशीर माझा. लिहून घ्यायचं तर माझ्या नावावर घ्या. तिचं काय आहे त्यात? — जबाबदारी तिची? रस्त्यात कुत्रा आला तर तिनं काय करायचं, वरून न्यायची? अहो, तुम्हाला माहीत तरी आहे का तुमच्याकडे कोण आहे? ओढ्याला पाणी आलं होतं तेव्हा बाकीच्या गाड्यांनी पोरं अलीकडेच सोडली, तिनं टेकडीला वळसा घालून एकेकाला दारात पोचवलं. चाक पंक्चर झालं तेव्हा मदत येईपर्यंत हात चोळत उभी नाही राहिली, स्वतः बदललं, आणि बदलता बदलता पोरांना खाली उतरवून नट मोजायला लावले, कुठला घट्ट कुठला सैल, जॅकनं एवढं धूड कसं उचललं जातं — झाडाखाली उभं करून, उघड्यावर! शेळीवाल्याची पोरगी घरी येऊन सांगत होती, गुरुजी, उत्तर एकच आलं. कळलं का? तो तुमच्या शाळेतला एकमेव तास जो भिंतीसमोर झाला नाही. कुणी शिकवलं असेल तिला ते? — तसं मी काहीच नाही शिकवलं. मी खुर्चीत होतो. पण बघत होती ना ती.

ऐका, हॉर्न. दोनदा. तीच. — गेला बघा धावत. जाऊ दे, कुणी काही बोललं नाही की थेट तिच्यापर्यंत जातो, दारातून आत तोंड घालतो, परत येतो, त्याला वेळ लागत नाही. मी काही बोलणार नाही. तुम्ही पण नका बोलू. — काय? बेशिस्त? कोण बेशिस्त? घरचं भांडण रस्त्यावर आणते म्हणून? बाईमाणसाला मोठी गाडी झेपत नाही हे तुम्ही आधीच म्हणाला होतात? तिला? बस! बस झालं! माझ्या मुलीबद्दल आणखी एक अक्षर जर —

अरे देवा.

नाही रे, तुला नाही! मॉनिटर, तुला नाही रे बाबा, ह्यांना म्हटलं, ह्यांना! — बघा कसा टेकलाय, बरोब्बर मधोमध. आता काय करू? तुम्ही म्हणा. तुम्ही म्हणा ना तो शब्द, तुमच्या तोंडाला कुठे बंदी आहे! — नुसता मान वळवून बघतोय. परक्याच्या कौतुकावर त्याचा भरवसा नाही, घरच्याचंच लागतं. पोरांनी पण करून बघितलंय. उचलून काय आणता, मी दुपारपर्यंत ओढलाय त्याला, तेव्हा तर पिल्लू होता. आली ती. गाडी हळू केली. आता थांबणार, आता दार उघडणार, ती उतरणार आणि तुम्ही मनगटाकडे बघणार. नका बघू! थांबा जरा. एक शब्द तर आहे. तीन अक्षरांचा. पोरंसोरं म्हणतात येताजाता.

शा —

थांबा. आवाज बसला. तुला नाही रे, तू बसलेलाच आहेस.

शाब्बास.

नाही गेलं ऐकू. जाणार कसं, मलाच नाही गेलं. काच खाली आहे तिची, मोठ्यानं म्हटलं तर तिलाही ऐकू जाईल — जाऊ दे. गेलं तर गेलं. शाब्बास! अरे शाब्बास! शाब्बास, पोरी!

काय म्हणालो मी? पोरी? मॉनिटर म्हणायचं होतं. मॉनिटर कुठे पोरगी आहे! — पण उठला ना? उठला की! बघा, शेपूट बघा, बाजूला आला, रस्ता मोकळा. आली गाडी थांब्याला. बघा आता तुमच्या घड्याळात, बघा ना. झाला उशीर? नाही ना? मग तसं सांगा तिकडे. वेळेवर आली म्हणावं, माझ्या डोळ्यांनी बघितलं म्हणावं. आणि झेपण्याचं ते जे काही बोललात, ते आत तिच्या मागे बसून जा आणि मग बोला.

चढा, पोरं चढली सगळी. — नाही, ती कशाला उतरेल? कुत्रा उठलाय, उतरायचं कारणच राहिलं नाही. असंच तर ठरवून आलो होतो मी. बरं झालं. चढा तुम्ही.

अहो, थांबा, एक मिनिट. ती पहिल्या सीटवरची छोटी खिडकीतून हात काढून काय करतेय? आरसा वळवतेय? डावा? तिनं सांगितलं वळवायला? तो तर सरळ होता की आता, मी रोज बघतो, पहिल्या आठवड्यातच सरळ करून घेतला होता तिनं. आणखी खाली कशाला? — तुम्ही पायरीवरच आहात ना, जरा पुढे वाका, तिच्या खांद्यावरून बघा, काय दिसतं त्यात? रस्ता नाही? मग काय?

हा बाक?

बरं. जा आता. जा म्हटलं ना, उशीर होईल तिला.